रजेचं इंग्रजी

आम्ही दोघी बहिणी. हा लेख दोघींनी मिळून लिहिला आहे, म्हणून यात 'आम्ही' आहे. जिथं एकीचीच गोष्ट आहे तिथं 'थोरली' किंवा 'धाकटी' असं म्हटलं आहे. नावांचं इथं काही काम नाही.

आमचं घर जुन्या नाशकात, कथड्यात. २००३ साली थोरलीला गंगापूर रोडवर एका बांधकाम व्यावसायिकाच्या ऑफिसात नोकरी लागली. २००५च्या अखेरीस धाकटीला त्याच रस्त्यावर, परदेशातली कागदपत्रं संगणकावर उतरवून देणाऱ्या एका लहान कंपनीत काम मिळालं. रोज सकाळी साडेआठला आम्ही घरातून निघायचो. अम्मी दारातून ओरडायची, "डब्बा लिया क्या?" सारडा सर्कलपर्यंत चालत जायचं, तिथून शहर बस. त्या वेळी शहरातल्या बसगाड्या एस.टी.च्याच होत्या, महापालिकेची सिटीलिंक सुरू झाली ती २०२१ साली. शालिमार, सीबीएस, मेहेर, अशोक स्तंभ, आणि मग गंगापूर रोड. गर्दी असली तरी अर्ध्या तासाचा प्रवास.

या अर्ध्या तासात आमची भाषा दोनदा बदलायची. घरात आमची बोली. ती पुस्तकातली उर्दू नाही आणि सिनेमातली हिंदीही नाही. मराठीत चांगली मुरलेली अशी ती आहे. बसमध्ये मराठी. कंडक्टरशी, शेजारच्या बाईशी, सुट्ट्या पैशांवरून होणाऱ्या भांडणातही मराठीच. आणि ऑफिसचा जिना चढला की इंग्रजी. गंमत अशी, की त्या ऑफिसातले जवळपास सगळेच मराठी बोलणारे होते. पण सकाळचे पहिले दोन तास तिथं इंग्रजीचा पहारा असायचा. चहा आला की मराठी सुटायची.

याच रस्त्यावर विद्या विकास सर्कलजवळ कुसुमाग्रज स्मारक आहे. याच रस्त्यानं पुढं धरणाच्या बाजूला गेलं की यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ लागतं. थोरली नोकरी करता करता पदवीधर झाली ती याच विद्यापीठामुळं, आणि तेही मराठीतून. म्हणजे शिकवणारी मराठी आणि पगार देणारी इंग्रजी एकाच रस्त्यावर नांदत होत्या, आणि रोज सकाळी आम्ही त्या दोघींच्या मधून जात होतो.

अब्बांचं दफ्तर

अब्बा एका सरकारी कचेरीत शिपाई होते. पुढे नाईक झाले. त्यांची सकाळ आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. दहाच्या ठोक्याला हजेरीपत्रकावर सही. साहेबांच्या टेबलावर पाणी. मग टपाल, मग फायली. अब्बा म्हणायचे, "हाजिरी लगी तो दिन लगा."

त्यांना एका गोष्टीचा फार अभिमान होता. महाराष्ट्राचा राजभाषा अधिनियम १९६४चा. त्यानंतर सरकारी कारभारात मराठी वाढत गेली. अब्बांचं शिक्षण सातवीपर्यंत, पण मराठी कचेरीत त्यांना कधी परकं वाटलं नाही. कारण तिथले निम्मे शब्द त्यांच्या घरातलेच होते. हजर, हजेरी, अर्ज, मुदत, मंजूर, तक्रार, खुलासा, मजकूर, रुजू, दफ्तर. अरबी-फारसीतून आलेले हे शब्द काही शतकं मराठीत राहून मराठी झाले आहेत. शिवाजी महाराजांनी राज्याभिषेकाच्या काळात राज्यव्यवहारकोश करवून घेतला आणि कारभारातल्या फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले. त्यातले काही शब्द टिकले. पण हजर, अर्ज आणि रजा हे शब्द लोकांच्या तोंडून गेले नाहीत. पगार हा शब्द मात्र पोर्तुगीजांकडून आला. अब्बांना हे कळलं तेव्हा ते खूप हसले. म्हणाले, "देखो, काम हमारा, पगार फिरंगी की."

रजा या शब्दावर अब्बांचा विशेष जीव होता. आपल्या बोलीत रजा म्हणजे मर्जी, राजीखुशी. मराठीत त्याची सुटी झाली. अब्बा सांगायचे, रजा म्हणजे कामाला दांडी नव्हे. रजा म्हणजे आपण विचारलं आणि समोरचा राजी झाला.

हे आम्हाला तेव्हा नुसतं ऐकायला बरं वाटायचं.

वहीचं शेवटचं पान

आम्ही दोघी पालिकेच्या मराठी शाळेत शिकलो. महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी सुरू झाली ती २००० साली. आमच्या पिढीला इंग्रजी पाचवीत भेटली, आणि तीही फळ्यावर. क्रियापदाची तीन रूपं पाठ, पण बोलायची वेळ आली की तोंडाला कुलूप. घरात एक जुनी तर्खडकरांची भाषांतर पाठमाला होती, ती चुलत्यांकडून आलेली. रॅपिडेक्सचं जाडं पुस्तक आम्ही जुन्या पुस्तकांच्या गाडीवरून घेतलं होतं. त्याच्या जाहिरातीत कपिल देव असायचा. कपिल देवला जमलं तर आपल्याला का नाही, असं वाटायचं.

थोरलीनं वहीच्या शेवटच्या पानावर सकाळची वाक्यं लिहून ठेवली होती. ती आजही आमच्याकडं आहेत. 'गुड मॉर्निंग, सर.' 'आय अ‍ॅम सॉरी, आय अ‍ॅम लेट.' 'द बस वॉज लेट.' 'सर इज नॉट अ‍ॅट हिज डेस्क.' 'प्लीज होल्ड द लाइन.' 'मे आय नो हूज कॉलिंग?' हे शेवटचं वाक्य तिला इतकं आवडलं होतं, की घरी कुणी दार वाजवलं तरी ती तेच म्हणायची.

एक गोष्ट कबूल केली पाहिजे. 'गुड मॉर्निंग' हे आम्हाला मनापासून आवडलं. मराठी कचेरीत सकाळी आमच्याशी बोलताना लोक किंचित अडखळायचे. नमस्कार म्हणावं, की सलाम म्हणावं? काही जण मुद्दाम 'सलाम वालेकुम' म्हणायचे आणि आजूबाजूला बघायचे. त्यात वाईट हेतू नसायचा, पण रोज सकाळी आपण कोण आहोत याची आठवण करून दिली जायची. 'गुड मॉर्निंग'ला गाव नाही, गल्ली नाही. आपण म्हणायचं, त्यांनी म्हणायचं, आणि कामाला लागायचं.

अडचण त्याच्या पुढं सुरू व्हायची.

अदब कुठं असते

थोरलीला लागून तीन महिने झाले असतील. मुंबईच्या एका ग्राहकाला तिनं फोनवर सांगितलं, "गिव्ह मी द पेपर्स टुमॉरो." ग्राहकानं साहेबांकडं तक्रार केली, तुमची मुलगी हुकूम सोडते. थोरली रडकुंडीला आली. तिच्या मनात तर 'उद्या कागदपत्रं द्या' हे अदबीचं वाक्य होतं.

शेजारच्या टेबलावर हिशेब बघणाऱ्या एक वयस्क बाई बसायच्या. त्यांनी दुपारच्या डब्याच्या वेळी जे समजावलं, ते आम्हाला कुठल्याही पुस्तकात मिळालं नव्हतं. त्या म्हणाल्या, "अगं, आपल्या मराठीत अदब क्रियापदात असते. दे, द्या, द्याल का. 'द्या' म्हटलं की मान दिला. इंग्रजीत 'गिव्ह' एकच. राजाला तेच आणि पोराला तेच. मग मान कुठं ठेवायचा? तो प्रश्नात ठेवायचा. 'कुड यू सेंड मी द पेपर्स, प्लीज?' असं."

आम्ही त्या रात्री वहीचं ते पान पुन्हा लिहून काढलं. आपल्या मराठीत 'कृपया' हा शब्द भिंतीवर असतो. कृपया येथे थुंकू नये. तोंडी बोलताना आपण 'जरा' म्हणतो, 'हं' म्हणतो, आवाज मऊ करतो. आपल्या बोलीत 'जरा देना' म्हटलं की झालं. हे 'जरा' आणि 'हं' इंग्रजीत उतरत नाहीत. ते गळून पडले की मागं उरतो तो कोरडा हुकूम. 'मला रजा पाहिजे' हे मराठीत साधं वाक्य आहे. 'आय वॉन्ट लीव्ह' म्हटलं की ती मागणी होते. त्याऐवजी 'कुड आय टेक टुमॉरो ऑफ?'

मग आम्हाला असे खड्डे दिसायला लागले. दहा वाजता बँकेत जायला उठताना धाकटी सवयीनं म्हणाली, "आय अ‍ॅम कमिंग." आपल्यात 'जाते' म्हणत नाहीत, 'येते' म्हणतात, बोलीतही 'आती हूं'. साहेब बिचारे केबिनमध्ये वाट बघत बसले, ही आत येईल म्हणून. 'टुडे मॉर्निंग' नव्हे, 'धिस मॉर्निंग'. 'आय हॅव अ डाउट' म्हटलं की परदेशी माणसाला वाटतं आपला त्याच्यावर विश्वास नाही. 'आय हॅव अ क्वेश्चन' म्हणायचं. आणि सगळ्यात मोठा घोटाळा 'कल'चा. मराठीत काल वेगळा, उद्या वेगळा. आपल्या बोलीत दोन्हीला 'कल'. मनात बोली असताना तोंडातून इंग्रजी काढली, की 'यस्टरडे' आणि 'टुमॉरो'ची अदलाबदल व्हायची. उद्या देणार असलेला कागद आम्ही काल दिलेला असायचा.

यावर आम्ही घरी खूप हसायचो. अब्बाही हसायचे. २००६च्या फेब्रुवारीपर्यंत हे सगळं हसण्यासारखंच होतं.

ती सकाळ

त्या पहाटे अब्बांच्या छातीत दुखायला लागलं. रिक्षातून दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, पेशंट सीरियस आहे, नऊ-साडेनऊला मोठे डॉक्टर आल्यावर ठरवू. आपल्याकडं हा शब्द असाच वापरतात. अडाणी माणसालाही 'सीरियस' कळतो.

धाकटीच्या नोकरीला जेमतेम दोन महिने झाले होते. न सांगता गैरहजर राहिलं तर नाव कमी होईल अशी भीती. साडेआठला तिनं दवाखान्याबाहेरून ऑफिसला फोन लावला. त्या महिन्यात प्रशिक्षणासाठी परदेशातून एक साहेब आले होते आणि सकाळी सगळ्यात आधी तेच हजर असायचे. फोन त्यांनीच उचलला.

ती म्हणाली, "सर, माय फादर इज सीरियस."

त्यांनी विचारलं, "सीरियस अबाउट व्हॉट?"

कशाबद्दल? या प्रश्नाला काय उत्तर द्यायचं? तिला प्रश्नच कळेना. ती पुन्हा म्हणाली, "व्हेरी सीरियस, सर." पलीकडं क्षणभर शांतता. मग ते सावकाश म्हणाले, "ओके. कम इन. वुई विल टॉक."

'कम इन' हा तिला हुकूम वाटला. साहेब नाही म्हणाले, असाच अर्थ तिनं घेतला. थोरली म्हणाली, जाऊन सांगून लगेच ये, अब्बा आत्ता बरे दिसतायत. म्हणजे चूक एकटीची नाही. ती गेली. साहेब दुसऱ्या फोनवर होते. ती त्यांच्या काचेच्या दाराबाहेर उभी राहिली. 'मे आय कम इन, सर' हे वाक्य तिला येत होतं, ती ते मनात म्हणत होती. चाळीस मिनिटं ती तशीच उभी होती. शेवटी बाजूच्या टेबलावरच्या मुलीनं मराठीत विचारलं, "काय गं, काय झालं?" धाकटीनं मराठीत सांगितलं. ती मुलगी ताडकन उठली. "अगं वेडे, मग इथं काय करतेयस?" तिनं कुणालाही न विचारता आपली स्कूटी काढली आणि धाकटीला दवाखान्याच्या दारात सोडलं.

तेव्हा सव्वादहा झाले होते. दहा वाजता अब्बांना आत नेलं होतं. जाताना त्यांनी थोरलीला विचारलं होतं, "छोटी आयी क्या?"

अब्बा त्यानंतर दोन दिवस होते, पण पुन्हा बोलले नाहीत.

आठवड्यानं धाकटी कामावर रुजू झाली. साहेबांना तोपर्यंत सगळं कळलं होतं. त्यांनी तिला बोलावून माफी मागितली. त्यांनी जे सांगितलं ते ऐकून आम्ही दोघी कितीतरी दिवस सुन्न होतो. ते म्हणाले, मला वाटलं तुझे वडील तुझ्या नोकरीच्या विरोधात आहेत आणि त्यावर ठाम आहेत. तू डोक्यावर ओढणी घेतेस, म्हणून मला तसं वाटलं. तू आलीस की समजूत घालू, असं मी ठरवलं होतं.

ज्या बापानं मोहल्ल्याचं बोलणं खाऊन आम्हाला शिकवलं, सकाळी बसथांब्यापर्यंत सोडायला आला, रॅपिडेक्सला खाकी कागदाचं वेष्टण घातलं, त्याच्याबद्दल एका भल्या माणसाच्या मनात हे चित्र होतं. आमचा एक शब्द चुकला, आणि त्या शब्दाच्या जागी काय भरायचं हे त्यांच्याकडं आधीच तयार होतं.

आम्हाला काय येत नव्हतं

यावर आम्ही खूप विचार केला आहे. दोष कुणाचा? त्या साहेबांचा थोडा होता. पण 'माय फादर इज इन हॉस्पिटल' हे वाक्य धाकटीला येत नव्हतं असं नाही. पाचवीतल्या मुलीलाही ते येईल. तिला 'सॉरी' म्हणता येत होतं, 'प्लीज' म्हणता येत होतं. 'आय कान्ट कम टुडे' एवढं म्हणता आलं नाही. इंग्रजी साहेबाला 'येणार नाही' असं सांगता येतं, हेच तिला ठाऊक नव्हतं. आमच्या वहीच्या त्या पानावर सगळी वाक्यं हजर राहण्याची होती. रजेचं एकही वाक्य नव्हतं.

आणि दुसरं. ऑफिसात पाऊल टाकताच तिला मराठीत सांगता आलं असतं. तिथं दहा जण मराठी बोलणारे होते. पण इंग्रजी ऑफिसात संकटही इंग्रजीतच सांगायचं असतं, अशी आमची समजूत होती. इंग्रजी येत नाही याची शरम वाटायची, ती शरम आम्ही बापापेक्षा मोठी केली. हे लिहायला सोपं नाही, पण खरं आहे.

अब्बा दोन शब्दांची गोष्ट सांगायचे, तिचा दुसरा अर्धा भाग आम्हाला पुढं एका शब्दकोशात सापडला. इंग्रजीतल्या 'लीव्ह' या सुटीच्या शब्दाचा मूळ अर्थही परवानगी असाच आहे. म्हणजे रजा आणि लीव्ह दोन्ही एकाच जागी उभे आहेत. दोन्हीकडं आधी विचारावं लागतं. विचारण्याचा हक्क आपल्याला आहे, हे मात्र कुठल्याच कोशात लिहिलेलं नसतं.

रविवारची सकाळ

२००९पासून आमच्या घरच्या पुढच्या खोलीत रविवारी सकाळी दोन तास आम्ही इंग्रजी शिकवतो. संस्था नाही, फलक नाही, फी नाही. मोहल्ल्यातल्या दहा-बारा मुली येतात, अलीकडं तीन-चार मुलंही. कुणी दवाखान्याच्या स्वागतकक्षात, कुणी दुकानात, कुणी कॉल सेंटरमध्ये. २०२०च्या टाळेबंदीनंतर काहींचं ऑफिस घरातच आलं. एका खोलीत आजी, कुकरची शिटी, धाकटा भाऊ, आणि कानाला हेडफोन लावून 'गुड मॉर्निंग, एव्हरीवन' म्हणणारी मुलगी. 'यू आर ऑन म्यूट' हे वाक्य आम्हीच त्यांच्याकडून शिकलो. मोबाइल आता क्षणात भाषांतर करून देतो. पण फोनवर समोरच्यानं 'अबाउट व्हॉट' विचारलं तर उत्तर आपल्यालाच द्यावं लागतं.

आमचा पहिला धडा 'गुड मॉर्निंग' नाही. पहिला धडा रजेचा. तीन लहान वाक्यं. 'माय फादर इज इन हॉस्पिटल. आय कान्ट कम टुडे. आय विल कॉल यू धिस इव्हनिंग.' काय झालं, मी काय करणार आहे, पुन्हा कधी बोलेन. 'सीरियस' हा शब्द आमच्या वर्गात बंद आहे. 'व्हेरी इल' म्हणायचं. प्रत्येक मुलीनं उभं राहून ही वाक्यं मोठ्यानं म्हणायची. आवाज बारीक काढला तर पुन्हा. समोरचा 'कम इन' म्हणाला तर काय म्हणायचं, तेही शिकवतो. 'आय अ‍ॅम सॉरी, आय कान्ट. आय नीड टू बी विथ हिम.' आणि हे काहीच सुचलं नाही, तर मराठीत बोला, बोलीत बोला, पण बोला. कुणीतरी समजणारं तिथं असतंच.

गेल्या हिवाळ्यात यातल्या एका मुलीचा रात्री निरोप आला. तिच्या अम्मीला सकाळी दवाखान्यात न्यावं लागलं होतं. तिनं तिन्ही वाक्यं म्हटली. पलीकडून उत्तर आलं, 'टेक केअर, डोन्ट वरी अबाउट वर्क.' एवढंच. अम्मी आता बरी आहे.

धडा संपला की आम्ही मुलींना एक जुना कागद दाखवतो. अब्बांच्या पेटीत सापडला. त्यांच्या रजेच्या अर्जाची नक्कल, अब्बांच्याच गोल मराठी अक्षरात. विषय, किरकोळ रजा मिळणेबाबत. खाली लिहिलं आहे, माझ्या थोरल्या मुलीचा शाळेचा पहिला दिवस असल्यामुळे मी कामावर हजर राहू शकत नाही, तरी एक दिवसाची रजा मंजूर व्हावी ही नम्र विनंती. त्याखाली साहेबांच्या हातचा लाल शाईतला एकच शब्द आहे. मंजूर.